विसूच्या उमेदवारीसाठी ओमानभर

माझा धाकटा भाऊ विश्वास मला ओमानला घेऊन गेला तो मायेपोटी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर गावात सध्या जे बोललं जातंय तेच तुम्ही खरं मानाल: विश्वासरावांनी म्हाताऱ्या बहिणीला विमानात बसवलं, परदेश दाखवला, आणि बहीण बघा कशी उलटली. विमानात बसवलं हे खरं आहे. उलटले हेही खरं आहे. मधलं मात्र कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

मी तळकोकणातल्या आमच्या गावच्या शाळेत तेहेतीस वर्षं शिकवलं. लग्न केलं नाही. माझ्या हाताखालून गेलेली निम्मी मुलं आज आखातात आहेत, कोणी वेल्डर, कोणी सुतार, कोणी स्वयंपाकी. सुट्टीवर आली की अजूनही ‘बाई’ म्हणत पाया पडायला येतात. विसूला (विश्वासला मी विसूच म्हणते, पोस्टरवर तो काहीही असो) या पाया पडण्याचा फार हेवा. त्याच्या पायांना फक्त कंत्राटदार हात लावतात.

यंदा जिल्हा परिषदेच्या निवडणुकीआधी त्याच्या पक्षाने नवीच टूम काढली. उमेदवार वरून लादायचा नाही, गावोगावच्या कार्यकर्त्यांनी मेळाव्यात हात वर करून ठरवायचा. विसूचं धाबं दणाणलं. तीस वर्षं तो वरच्यांच्या गाड्यांची दारं उघडत आला होता, आणि आता अचानक खालच्यांना विचारायचं ठरलं. त्यात समोर उभी राहिली वैशाली. वैशाली आमच्या गावची सरपंच आणि माझी विद्यार्थिनी. मुलं कमी म्हणून आमची शाळा बंद करायला निघाले होते तेव्हा ती पंचायत समितीच्या पायरीवर सहा दिवस बसली होती. शाळा राहिली. त्या सहा दिवसांत विसू एकदा तिथून गाडीने गेला आणि काचेतून हात हलवून पुढे गेला.

वैशालीचा नवरा दिनेश ओमानात एका एसी बसवणाऱ्या कंपनीत मेकॅनिक आहे. विसूने गणित मांडलं ते असं: गावात कार्यकर्ते म्हणजे बहुतेक बायका, बायका नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाहीत, नवरे ओमानात आहेत, तेव्हा प्रचार ओमानात. या गणितात चूक कुठे होती ते मलाही तेव्हा दिसलं नाही, कारण नवऱ्याच्या शब्दाचा मला अनुभव नाही. फुकटचं विमानाचं तिकीट मात्र स्पष्ट दिसलं. खोटं कशाला बोला, मी गेले ती फिरायला मिळतंय म्हणून गेले.

गुरुवार, मस्कत

मस्कतमध्ये आम्ही उतरलो ते देवधरांकडे. देवधर मूळचे पुण्याचे, विसूचे कॉलेजातले मित्र, आणि दिनेश ज्या कंपनीत आहे तिथलेच मॅनेजर. हा योगायोग आहे असं मला वाटलं होतं. विसूच्या आयुष्यात योगायोग नसतात हे सख्ख्या बहिणीला कळायला हवं होतं.

शहर पांढरंशुभ्र आणि इतकं झाडलोट केलेलं की मला सारखं वाटत होतं, कोणीतरी मोठा पाहुणा येणार असावा. विसूला वाटलं तो आपणच. देवधरांचं घर मोठं, जेवणात सुरमई होती, वरणाला चक्क गोडा मसाल्याचा वास होता. त्यांची दहा वर्षांची मुलगी मला म्हणाली, “आजी, तुमचा फ्लाइट कशी होती? मी तुम्हाला माझी ड्रॉइंग दाखवतो... दाखवते.” किती गोड बोलली पोर. पण विसूने लगेच घसा साफ केला आणि मातृभाषेच्या अस्मितेवर तिला वीस मिनिटं सुनावलं. त्यातला निम्मा भाग हिंदीत होता आणि ‘आयडेंटिटी’ हा शब्द मी सात वेळा मोजला. मुलगी शेवटी म्हणाली, “अंकल, मी झोपू का?”

जेवणानंतर विसूने ट्यूबमधून गुंडाळलेला फ्लेक्स काढला. दहा फुटी. त्यावर हात जोडलेला विसू, मागे समुद्र, वर ‘परदेशस्थ भूमिपुत्रांचा हक्काचा माणूस’. देवधरांच्या तोंडचं पाणी पळालं.

“विश्वास, हे इथे लावायचं नाही बरं का,” ते म्हणाले. “इथे राजकीय सभा चालत नाही. परक्या देशाची तर मुळीच नाही. तू पकडला जाशील ते जाशील, ती पोरं नोकरीवरून जातील.”

“मग मी करू काय?”

देवधरांनी माझ्याकडे पाहिलं. मग विसूनेही माझ्याकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला, आणि मला इथवर कशासाठी आणलं ते तेव्हा समजलं. उद्याची सभा रद्द झाली. उद्या ‘बाईंच्या माजी विद्यार्थ्यांची भेट’ ठरली. बाईला कोण अडवणार?

शुक्रवार, रुसैल

रुसैल म्हणजे कारखाने आणि गोदामांचा भाग. कामगार राहतात ते कंपनीच्या कॅम्पात, तिथून बसने कामावर येतात. शुक्रवार सुट्टीचा, त्यामुळे कॅम्पात सगळे होते. अंगणात दोरीवर एकाच निळ्या रंगाचे शर्ट वाळत होते. एका खोलीत आठ जण, चार पलंग खाली, चार वर. प्रत्येकाच्या उशाशी आपापला गणपती किंवा साईबाबा, आणि एकाच्या उशाशी आमच्या ग्रामदेवीचा फोटो. मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

पोरं म्हणावं तर ही पोरं पन्नाशीला आलेली. कोणाचे केस गेलेले, कोणाला चष्मा लागलेला. रांगेने पाया पडत होते आणि मी प्रत्येकाचं नाव घेत होते. एक नाव चुकलं नाही, हे मला जरा मिरवून सांगायचं आहे. बांगड्याचं तिखलं, भात, आणि भाकरीऐवजी खबूस म्हणून तिकडची मऊ रोटी असा बेत होता. पंगतीला अंथरायला काही मोठं मिळेना. तेव्हा अंकुशने, म्हणजे त्यांच्यातल्या सर्वात थोरल्या सुताराने, कोपऱ्यातली ट्यूब उघडली आणि आतला फ्लेक्स जमिनीवर पसरला. विसू हात धुवून येईपर्यंत त्याच्या जोडलेल्या हातांवर भाताचं पातेलं बसलं होतं आणि डाव्या गालावर तिखलं सांडलं होतं.

“अरे, अरे,” विसू म्हणाला.

“धुवान देतो, साहेब,” अंकुश म्हणाला. “पिलॅस्टिक आसा, डाग ऱ्हवचो नाय.”

जेवणं झाल्यावर भेटीचं रूपांतर व्हायचं त्यात झालं. विसू उभा राहिला. आपण इथे घाम गाळता, तिकडे आपली घरं, आपल्या बायका, आपली लेकरं. घरात पुरुषाचा शब्द चालला तर गावात चालेल, गावात चालला तर जिल्ह्यात चालेल. आवाज चढवायची सोय नव्हती, बाहेर वॉचमन होता, म्हणून सगळी गर्जना कुजबुजीत केली. तसला आवेश मी आजवर कुणाच्या कुजबुजीत पाहिला नव्हता. शेवटी तो म्हणाला, “तर मग माझ्यासाठी आजच घरी फोन करून सांगणार ना?”

सगळ्यांनी मान हलवली. पहिला म्हणाला, “घराकडे इचारून सांगतंय.” दुसरा म्हणाला, “आज फोन करतंय, इचारतंय.” तिसराही तेच म्हणाला. विसूने प्रत्येकाला ‘विचारून नाही, सांगून, सांगून’ असं दुरुस्त केलं. तेही ‘व्हय व्हय, इचारतंय’ म्हणाले.

मी मागे स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या अंकुशजवळ गेले. “काय रे, घरी विचारल्याशिवाय तुम्ही काहीच बोलत नाही?”

“बाई, आमी हंय ऱ्हवतो, घर थंय,” तो म्हणाला. “घराक कौलां घालूची काय पत्रे, ता ती ठरयता. पोरगीचा लगीन खंय करूचा, ता ती ठरयता. तेवीस वर्सां झाली. आमी फकत ‘हां’ म्हणूचा. आमका तेतूरला काय कळता?”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हवामान सांगावं तसं सांगत होता. बाहेर विसू मोबाइलवर कोणाला तरी कळवत होता की रुसैल शंभर टक्के आपल्याबरोबर आहे. विसूचं एक मला आवडतं, की समोरचं सगळं जग ‘नाही’ म्हणालं तरी त्याला ‘हो’च ऐकू येतं. अशा माणसाला दुःख होत नाही.

दिनेश तिथे नव्हता. तो लांब निझव्याला साइटवर आहे, राहतोही तिथेच, असं कळलं.

शनिवार, घाला

घाला हा गॅरेजांचा आणि वर्कशॉपांचा भाग. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टायर, पत्रे, सायलेन्सर, वंगणाचा वास. आपल्या कुडाळच्या एमआयडीसीतही तोच वास येतो, फक्त तिथे मधूनच फणस दिसतो आणि इथे उघडे तपकिरी डोंगर. देवधरांचं ऑफिस एका वर्कशॉपच्या वर होतं. कागदी पेल्यातून कडक दुधाचा चहा आला. त्याला ते करक म्हणतात. तो मात्र झकास होता, मी दोन पेले घेतले.

दुसरा पेला पिता पिता मला खरं कारण कळलं. देवधरांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. दिनेशचा रजेचा अर्ज. दिनेश दोन वर्षं चार महिने घरी गेलेला नव्हता. मेळाव्यात वैशालीला उमेदवारी मिळाली तर ती अर्ज भरायला जाईल त्या दिवशी तिच्यासोबत आपण असावं, म्हणून त्याने महिन्याची रजा मागितली होती.

“सही माझी लागते,” देवधर म्हणाले. त्यांना हे सांगताना बरं वाटत नव्हतं, पण सांगायचं थांबलेही नाहीत. “अर्बाब, म्हणजे आमचे मालक, मी पुढे ठेवीन त्यावर सही करतात. मी म्हटलं साइटवर माणूस कमी आहे, तर विषय खलास.”

“म्हणजे सहीसाठी तो बायकोला माघार घ्यायला सांगेल आणि लगेच विमानात बसेल,” विसू म्हणाला. “सगळ्यांचं भलं. त्याचं घर भरेल, माझा मतदारसंघ भरेल.”

मी पेला खाली ठेवला. “विसू, हे बरं नाही. त्याची हक्काची रजा आहे.”

“ताई, राजकारणात हक्काचं असं काही नसतं,” तो म्हणाला. “आणि तुला काही बोलायचं नाहीये. तू फक्त बरोबर चल. तू समोर असलीस की तो ‘नाही’ म्हणणार नाही. त्याला अक्षरं तू शिकवलीस ना?”

मी त्याच क्षणी उठून देवधरांच्या मुलीची ड्रॉइंग बघायला परत जायला हवं होतं. गेले नाही. मनाशी म्हटलं, निझव्याचा किल्ला बघायचाय, परत कधी येणार. असल्या वेळी माणसाला हमखास एखादा किल्ला सापडतो. विसूची निंदा करताना हेही लिहायला हवं.

रविवार, निझवा

निझव्याचा रस्ता मात्र बघण्यासारखा. मऊ, सरळ, एक खड्डा नाही. गाडी देवधरांची, तेही बरोबर होते, पुढे ड्रायव्हर. विसू प्रत्येक मैलाला ‘आपल्याकडे असे रस्ते करणार’ म्हणत होता, जणू आजवर कोणी त्याचा हात धरला होता. दोन्हीकडे डोंगर, त्यांच्यावर गवताची काडी नाही, आणि मग अचानक खाली खजुरांची हिरवीगार बाग. बागेत पाणी येतं ते दगडी चरातून. फलज म्हणतात त्याला. आपल्या पोफळीच्या बागेतला पाटच की! पाणी कोणाच्या झाडांना किती वेळ, हे तिथेही वाटून ठरवलेलं असतं, असं ड्रायव्हर म्हणाला. पाळी मोडली तर भांडण होतं का, असं मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, “होतं ना. पाणी आहे म्हटल्यावर भांडण होणारच.” मला ऐकून बरं वाटलं.

बाजारात एका हलवेवाल्याने आम्हाला बसवून घेतलं. पांढरा डगला, डोक्यावर नक्षीची टोपी, आणि विनाकारण आदर. हलवा तिथला केशरी, चिकट, वेलदोड्याचा. त्याबरोबर चिमुकल्या कपात कडू कॉफी. ती प्यायली की तो पुन्हा भरतो. पुरे झाली की कप हलवून परत द्यायचा, हे आजूबाजूला बघितलं की कळतं. विसूने बघितलं नाही. तो मागासलेल्या कोकणाच्या विकासावर बोलत होता आणि कप पुढे करत होता. अकरा कप झाले. नंतर दिवसभर त्याचे डोळे ताणलेले होते आणि तो किल्ल्याच्या पायऱ्या धावत चढला. मी किल्ला खालूनच पाहिला. माझं मन थाऱ्यावर नव्हतं.

दिनेश बाजारामागच्या एका जुन्या मातीच्या घरात काम करत होता. त्या घराचं आता पाहुण्यांसाठी छोटं हॉटेल करत आहेत. आम्ही आत गेलो तेव्हा तो शिडीवर होता, तोंडात दोन स्क्रू धरलेले. मला बघितल्यावर त्याने स्क्रू हातात काढले, खाली उतरला, कपड्याला हात पुसले, परत पुसले, आणि मगच पाया पडला. शाळेतही हा असाच, पाटीवर डाग दिसला की दोनदा पुसायचा.

“बाई, तुमी हंय?” तो म्हणाला. “माका कळवूक नाय कोणी. जेवलात?”

मी काही बोलायच्या आत विसूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर हात ठेवला की विसू काहीतरी मागणार, हे तालुक्यात मांजरालाही ठाऊक आहे. तू घरचा कर्ता, वैशाली वहिनींना राजकारणाची सवय नाही, बाईमाणसाची ओढाताण होते, बाईंनाही हेच वाटतं. ‘बाईंनाही’ म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं. दिनेशनेही पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. हे मी विसरणार नाही.

मग देवधरांनी बॅगेतून रजेचा अर्ज काढून अर्धवट लावलेल्या एसीच्या खोक्यावर ठेवला, पेन वर ठेवलं. “एक फोन कर घरी. स्पीकरवर. मी लगेच सही करतो. बुधवारच्या विमानात बसशील.”

दिनेशने कागद वाचला. स्वतःचाच अर्ज तो ओळ ओळ वाचत होता. मग त्याने फोन लावला.

वैशालीचा आवाज आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. “ओ, आता कसो फोन? बरे आसास मां?”

“बरो आसंय,” दिनेश म्हणाला. त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडवेला केला नाही. विश्वासराव आले आहेत, देवधर साहेब आहेत, रजेची सही अडली आहे, तू माघार घेतलीस तर मी बुधवारी निघतो.

“आणखी कोण आसा थंय?” वैशालीने विचारलं.

दिनेशने माझ्याकडे पाहिलं. “बाई आसत.”

पलीकडे तिने कोंबड्यांना हुसकावलं. मग ती म्हणाली, “ठीक आसा. मी घेतंय मागे.”

विसूने हवेत मूठ उगारली. देवधरांनी पेनचं टोपण काढलं.

“माका उमेदवारी नको,” वैशाली म्हणाली. “दोन वर्सां चार म्हयने झाले. तुमी घराक येवा. मी आजच तालुक्याक कळयतंय. सही घेवा आधी.”

विसू जिंकला होता. तोही नवऱ्याने हुकूम सोडला म्हणून नव्हे, बायकोने ठरवलं म्हणून. पण विसूला फरक कळायचं कारण नव्हतं. तो मला कोपर मारून कुजबुजला, “बघितलंस? पुरुषाचा शब्द.”

दिनेश खोक्यावरच्या कागदाकडे बघत होता. त्याने तो उचलला, घडी केली, पुन्हा एक घडी केली आणि देवधरांच्या हातात दिला.

“साहेब, ह्यो परत न्या. माका रजा नको,” तो म्हणाला. आणि फोनवर, “वैशाली, आयक. मी येवचंय नाय. तू उभी ऱ्हव.”

“काय बोलतास तुमी?”

“तू उभी ऱ्हव म्हणतंय.”

“माका नको म्हटलंय ना! आयकूक येता मां? तुमी आधी घराक येवा!”

“नाय,” दिनेश म्हणाला. “ह्या येळाक तुझा नाय आयकूचंय.”

“बाई!” फोनमधून हाक आली. शाळेत बाकावरून मारायची तशीच. “बाई, तुमी सांगा त्येंका! तुमचा आयकतीत. येवा म्हणान सांगा!”

आता सगळे माझ्याकडे बघत होते. विसू जोरजोरात मान हलवत होता, बोल, बोल. आणि खरं सांगते, बोलावंसं वाटत होतं. नवरा घरी यावा म्हणून एक बाई मला विनवत होती. तो डोळ्यांसमोर उभा होता, हातात स्क्रू, दोन वर्षं चार महिने आपल्या माणसांपासून लांब. मी ‘जा रे’ म्हटलं असतं तर तो गेला असता. बाईचं म्हणून गेला असता. त्यासाठीच तर मला इथवर आणलं होतं.

“वैशाली,” मी म्हटलं, “मी त्याला काही सांगणार नाही. तू उभी राहा.”

“ताई!” विसू किंचाळला. अकरा कप कॉफीचा जोर त्यात होता.

फोन तिकडून बंद झाला. दिनेश म्हणाला, “बाई, रागावली ती.” आणि शिडीवर चढला, कारण त्याला त्या दिवशी अजून दोन एसी लावायचे होते. विसूने त्याला खालून बरंच ऐकवलं: नोकरी, भविष्य, उपकार. दिनेशने तोंडात स्क्रू धरले होते, त्यामुळे उत्तर द्यायचा प्रश्नच नव्हता.

परतीच्या गाडीत विसू एक शब्द बोलला नाही. मला तो प्रवास फार सुखाचा झाला. देवधरांना मात्र मी सोडलं नाही. म्हटलं, तुमच्या मुलीचं मराठी अडखळतं, ते सुधारेल; तुमचं काय सुधारायचं? तरी रजेची ती सही करून टाका. ते काचेबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, “बघू, इन्शाल्ला.” त्यांनी सही केली नाही. मी घरी आल्यावर दिनेशला फोन करून विचारलं तेव्हा तो म्हणाला, मे महिन्यानंतर बघतो असं साहेब म्हणालेत. साहेब वाईट नाहीत, असंही म्हणाला. मला राग आला तो यावर.

गावी

मेळावा आम्ही परतल्यावर आठ दिवसांनी झाला. वैशाली माघार घ्यायला तालुक्याला गेली नव्हती. विसूने भाषणात ओमानातल्या भूमिपुत्रांचा पाठिंबा जाहीर केला. समोर त्याच भूमिपुत्रांच्या बायका बसल्या होत्या. त्यांना कोणी काय सांगितलं होतं आणि त्यांनी काय उत्तर दिलं होतं ते त्यांचं त्यांना माहीत. विसूसाठी हात वर करा म्हटल्यावर त्याचे कंत्राटदार, त्याचे दोन मेहुणे आणि झोपेतून दचकून जागा झालेला एक म्हातारा एवढ्यांनी हात वर केले. वैशालीच्या वेळी बाकी सगळ्यांचे हात वर गेले, आणि मी पहिल्या रांगेत होते. माझा हात त्याला दिसला. दिसावा म्हणूनच मी सरळ धरला होता. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, आणि गावात ते विमानाचं सांगत फिरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वैशालीकडे गेले. वाटलं, दारात हार-तुरे असतील. ती एकटीच खळ्यात वाल वाळत घालत होती. मला बघून उठली नाही. पाया पडली नाही. मला ते ठीक वाटलं.

“बाई, एकवीस वर्सां झाली लग्नाक,” ती वाल पसरत म्हणाली. “कधी माझो शब्द मोडूक नाय. काय बी सांगितलंय तरी ‘बरां’ म्हणतत. आनि आता माका न इचारता ठरवल्यानी. मोडल्यानी तो नेमको घराक येवच्या येळाक!” तिने वालांवर जोरात हात फिरवला, चार दाणे खळ्याबाहेर उडाले. “आनि तुमी, बाई. मी तुमका हाक मारलंय. तुमी गप ऱ्हवलात ता नाय, तुमी त्येंच्या बाजून बोललात.”

“हो,” मी म्हटलं. “चुकलं असेल तर सांग.”

तिचे डोळे भरले आणि ती तशीच वाल पसरत राहिली. मी शेजारी बसले आणि मीही वाल पसरायला लागले. शंका नको: मला तेव्हा विसूचा, देवधरांचा आणि त्या सहीच्या पेनचा इतका संताप आला होता की दिसेल त्याला वालांसारखं कडक उन्हात टाकावं. पण त्याचा तिला काय उपयोग?

अर्ध्या तासाने तिने पदराने तोंड पुसलं. “सोमवारी अर्ज भरूचो आसा,” ती म्हणाली. “तालुक्याक. बरोबर घरचा माणूस लागता. ते येवचे नाय. सासूबायचे गुडघे चालनत नाय.” ती वालांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. “तुमी येशात?”

मी म्हटलं, “किती वाजता निघायचं?”